प्रकल्प नोंदी : परळ-लालबागच्या तबकड्या, कॅसेटी आणि गाणाऱ्यांची नावे

४ जून

चाळींच्या पोटमाळ्यांवरून आलेला माल आज वेगळा करून लावला. तीन ढीग झाले: लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, व्हिनाइलच्या रेकॉर्ड आणि कॅसेटी. लाखेची तबकडी हातात घेताच कळते. दहा इंचीचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास असते, कडा जाड असते, आणि वाकवायला गेलात तर ती वाकत नाही, सरळ तुटते. व्हिनाइल लवते. तरीही शंका राहिली तर कडेवर हलकी टिचकी मारावी, लाख चिनी मातीच्या बशीसारखी वाजते.

बहुतेक तबकड्या आडव्या रचलेल्या होत्या, त्या आधी उभ्या केल्या. आडव्या ढिगात सगळा भार खालच्यांवर येतो, आणि मध्ये एखादा खडा अडकला की नेमका तिथून तडा जातो. एका खोक्यात वीसच्या वर ठेवायच्या नाहीत. वीस तबकड्या म्हणजे चार किलो, त्यापुढे खोके उचलताना तळ सुटतो.

पाऊस दाराशी आला आहे. जुन्या कागदी पाकिटांना बुरशी धरते आणि ती पाकिटातून तबकडीवर उतरते, म्हणून पाकिटे काढली. पण फेकली नाहीत. त्यांवर दुकानाचा शिक्का असतो, मालकाचे नाव असते, कधी पेन्सिलीने लिहिलेली तारीख असते. फोटो काढून ती वेगळ्या कोरड्या डब्यात ठेवली.

नोंदवहीचे रकाने पक्के केले: ध्रुवपद, प्रकार, रचनाकार, गाणारा किंवा गाणारी, ढोलकी, तुणतुणे, झीलकरी (मागून सूर धरणारे साथीदार), गाण्याची जागा (फड, बैठक, स्टुडिओ, घर), लेबल, लेबलावरचा क्रमांक, लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला क्रमांक. आणि प्रत्येक नावापुढे ‘कशावरून’ असा एक रकाना. नाव लेबलावर वाचले, गाण्यात ऐकले की कुणी सांगितले, हे तिथे आलेच पाहिजे. रचनाकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहायचे असेल, तर त्याआधी नाव कुठे कुठे शोधले तेही लिहायचे. लोकगीत लोकांचे असते हे खरे, पण बहुतेक लावण्या, पोवाडे आणि भेदिक (सवाल-जबाबाची) कवने कुणीतरी एकाने बसून रचलेली आहेत, आणि त्याने आपले नाव त्यात घालूनही ठेवले आहे. ते आपल्यापर्यंत का पोहोचत नाही, हे या कामात शोधायचे आहे.

९ जून

धुलाई. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, आयसोप्रोपिल किंवा कसलेही अल्कोहोल लावायचे नाही, लाख त्यात विरघळते. व्हिनाइलसाठी बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच द्रावणांत अल्कोहोल असते, तेव्हा बाटलीवरचे वाचल्याशिवाय काहीही वापरू नये. आम्ही वापरतो ते असे: एक लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात सुगंध आणि रंग नसलेल्या नॉन-आयोनिक डिटर्जंटचे दोन-तीन थेंब. मऊ केसांचा ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचे, मायक्रोफायबरने टिपायचे आणि उभी करून वाळवायची.

पाणी तबकडीवर मिनिटभराच्या वर राहू देऊ नये. लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतूही मिसळलेले असतात. तडा गेलेल्या जागी पाणी आत शिरले की तंतू फुगतात आणि पापुद्रा उठतो. लेबलावर रबराची चकती दाबून धरावी. लेबल भिजले तर शाई पसरते, आणि तिच्याबरोबर कलाकाराचे नावही जाते.

बुरशी आधी कोरडी काढायची, दारात, तोंडाला मास्क लावून. खोलीत झटकली तर ती बाकीच्या खोक्यांवर जाऊन बसते.

१४ जून

सुई. एलपीची (व्हिनाइलच्या रेकॉर्डची) सुई या तबकड्यांना चालत नाही. एलपीच्या सुईचे टोक एक मिल किंवा त्याहून बारीक (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तर ७८च्या खाचेला साधारण तीन मिल लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरते, तिथल्या मातीतून फरफटत जाते आणि खरखर दुप्पट होते. आम्ही २.५, २.८, ३ आणि ३.३ मिल अशा टोक छाटलेल्या सुया ठेवल्या आहेत. दाब ३ ते ५ ग्रॅम.

सुई निवडायची ती प्रत्येक तबकडीसाठी नव्याने. जुन्या बाज्याच्या, म्हणजे ग्रामोफोनच्या, जड पोलादी पिनेने खाचेची भिंत एका ठराविक उंचीवर झिजवलेली असते. आपली सुई त्याच्या थोडी वर किंवा थोडी खाली टेकली की न झिजलेली भिंत सापडते आणि आवाज उघडतो. चारही सुयांनी गाण्याचा शेवटचा भाग वाजवून बघायचा, सुरुवातीचा नाही. कारण पुढे, शेवटच्या कडव्याच्या नोंदीत सविस्तर येईल.

उतरवताना दोन्ही बाजू (डावी-उजवी) वेगळ्या घ्यायच्या, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागते. खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजत नाहीत, म्हणून चांगली भिंत नंतर निवडता येते. या तबकड्यांत आवाज आडव्या हालचालीत असल्यामुळे दोन्ही बाजू एकत्र केल्या की उभ्या हालचालीचा गोंगाट बराच कटतो. मूळ फाइलवर आरआयएए वळण (रेकॉर्ड वाजवताना खालचे-वरचे सूर समतोल करणारी ठरीव दुरुस्ती) लावायचे नाही. ते १९५४ नंतरचे, या तबकड्या त्याआधीच्या. ऐकण्यासाठीच्या प्रतीवर काय करायचे ते करा, मूळ फाइल सपाटच राहू द्या.

१८ जून

वेग आणि पट्टी. लेबलावर ७८ लिहिलेले असले तरी जुन्या तबकड्या ७० ते ८२ पर्यंत कुठेही कापलेल्या सापडतात. साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की गाणे अख्ख्या अर्ध्या सुराने सरकते. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी सहात गेलेली ऐकू येते, ढोलकी कोरडी वाटते, लय उगाच उडती होते. ‘तमासगीर बाईचा आवाज चिरका’ असा जो समज पसरला आहे, त्यात चुकीच्या वेगाने वाजवलेल्या तबकड्यांचा वाटा नक्कीच आहे.

आधी टर्नटेबलच बरोबर आहे का ते बघायचे. ५० हर्ट्झच्या आपल्या विजेवर ७७ रेघांची स्ट्रोबोस्कोप चकती स्थिर दिसली की वेग ७७.९२. ही चकती जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली बघावी, बऱ्याच एलईडी दिव्यांत लुकलुक नसते आणि रेघा दिसतच नाहीत.

मग तबकडीचा वेग. पेटी असेल तर काम सोपे, तिची पट्टी हवामानाने फारशी हलत नाही. त्याच फडाच्या, त्याच सुमाराच्या तबकड्यांत पेटीचा षड्ज जुळवून बघायचा. ढोलकीवर विसंबू नये, शाईपुडी (तिची शाई लावलेली चामड्याची बाजू) हवेप्रमाणे चढते-उतरते. पेटी नसलेल्या, नुसत्या तुणतुणे-ढोलकीच्या तबकडीला दोन वेगांच्या प्रती करून ठेवतो आणि ‘वेग अनिश्चित’ अशी खूण करतो. बाईचा बोलका आवाज कुठे सापडला तर मोठा आधार मिळतो. जुन्या ध्वनिमुद्रणांत गाणे संपल्यावर गाणारा स्वतःचे नाव पुकारतो. त्या काळी ध्वनिमुद्रणाची मूळ मेणाची तबकडी छपाईसाठी परदेशी जायची आणि तिथल्या कामगारांना कोण गाते आहे हे कळायचा तोच मार्ग होता. त्या पुकाऱ्याचा सूर माणसाच्या बोलण्यासारखा वाटला की वेग जवळपास बरोबर.

म्हणून गाणे संपले की फाइल लगेच कापायची नाही. सुई शेवटच्या मोकळ्या खाचेत जाईपर्यंत सगळे ठेवायचे.

२३ जून

शेवटचे कडवे. हीच या कामाची खरी नोंद.

शाहीर आपले नाव, म्हणजे मुद्रा किंवा छाप, शेवटच्या कडव्यात गुंफतो. पेशवाईतल्या शाहिरांपासून ही रीत आहे. सोलापूरचा राम जोशी ‘कविराय’ म्हणतो. होनाजी आणि बाळा यांचे नाव जोडीने येते: रचना होनाजीची, गाणारा बाळा करंजकर. जेजुरीचा सगनभाऊ, सिन्नरजवळच्या बावीचा परशराम, हे सगळे आपल्याला ठाऊक आहेत ते मुख्यतः या छापेमुळे. कलगी-तुऱ्याच्या, म्हणजे शाहिरांच्या दोन प्रतिस्पर्धी पक्षांच्या, भेदिक कवनांत तर शेवटचे कडवे म्हणजे दाखलाच: गुरूचे नाव, गाव, ढोलकीवाला, कधी झीलकरीसुद्धा.

आता लाखेची तबकडी बघा. दहा इंची बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावतात. फडात लावणी त्याहून कितीतरी लांब चालायची. मग ध्रुवपद आणि पहिली दोन कडवी ठेवायची, मधली गाळायची. आणि वेळ संपत आला की छापेचे कडवेही गाळायचे. रचनाकाराचे नाव असे पहिल्याच दिवशी, ध्वनिमुद्रणाच्या खोलीतच गळून पडले.

ज्या तबकड्यांत छाप गायलेली आहे, तिथे दुसरी अडचण. कडेशी सुईखालून सेकंदाला सुमारे ९८ सेंटिमीटर खाच जाते, लेबलाजवळ फक्त ४१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत दाबलेला, त्यामुळे तिथले बारीक वळण लवकर झिजते. त्यात पोलादी पीन एका बाजूपुरतीच असायची. बाजू संपत येईपर्यंत ती बोथट झालेली असायची आणि सगळ्यात नाजूक खाच तिच्या वाट्याला यायची. पुष्कळ घरांत तीच पीन दहा-दहा बाजूंना वापरली गेली. परिणाम असा की पहिले कडवे लख्ख आणि शेवटचे फुटलेले. स, श, ठ ही अक्षरे नुसती फुसफुसतात. पठ्ठे बापूराव या शाहिराच्या छापेत ‘पठ्ठे’ हा शब्द खरखरीत बुडालेला असतो आणि ‘बापूराव’ कसाबसा वर येतो.

यावर जमते ते असे. ३.३ मिलची सुई घेऊन फक्त शेवटची चाळीस सेकंदे पुन्हा उतरवायची, नंतर २.५ ने. वेग निम्मा करून, म्हणजे ३९ वर, सुई न उडता जाते का ते बघायचे आणि फाइल नंतर दुप्पट वेगाने वाचायची. डावी आणि उजवी भिंत वेगवेगळी ऐकायची. दोघांनी एकमेकांशी न बोलता जे ऐकू आले ते लिहायचे, आणि मगच कागद जुळवायचे. एकाने आधी नाव सांगितले की दुसऱ्याला तेच ऐकू येते.

छाप सापडली म्हणजे रचनाकार सापडला असेही नाही. शिष्य गुरूच्या नावाने रचतात, आणि गाणारा जुनी छाप काढून स्वतःची घालतो. म्हणून मात्रा मोजायच्या. नाव बदलले की बहुधा ओळ लंगडते किंवा यमक तुटते. तशी ओळ दिसली तर ‘छाप संशयित’.

२७ जून

थोडक्यात. ‘यंग इंडिया’ लेबलाच्या तबकड्या वेगळ्या काढल्या. ही कंपनी इथलीच, कारखाना वडाळ्याला होता. लाखेचा कस कमी-जास्त आहे, काही तबकड्यांना कोऱ्या असतानाच खरखर असावी. त्यांच्या लेबलांवरची सगळी अक्षरे जशीच्या तशी उतरवायची, शुद्धलेखन सुधारायचे नाही.

३ जुलै

कॅसेटी. पहिले काम: मागचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडायचे, म्हणजे चुकून त्यावर मुद्रण होणार नाही. दुसरे: टेपच्या मागची पितळी पट्टीवरची फेल्टची गादी बघायची. डिंक वाळून ती पडते, मग टेप हेडला नीट टेकत नाही आणि वरचे सूर येतात-जातात. पाच स्क्रूंची कॅसेट उघडता येते, चिकटवलेली उघडत नाही. तिची टेप नव्या स्क्रूवाल्या खोक्यात बदलावी. सी-९० ची टेप सी-६० हून पातळ असते, ती हाताळताना घाई नको.

अ‍ॅझिमथ (हेडचा टेपशी असलेला कोन) प्रत्येक कॅसेटला नव्याने जुळवायचा. मोनो करून ऐकावे आणि हेडचा बारीक स्क्रू हलवत झांज सगळ्यात स्वच्छ वाजते तिथे थांबावे. मंडळांच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी बहुतेक साध्या रेकॉर्डरवर घेतलेल्या असतात, त्यांना डॉल्बी (टेपची खरखर दाबणारी सोय) लावले तर आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: निवेदन, माईकची टकटक, वाद्ये लावण्याचा आवाज, बक्षिसाच्या घोषणा, यांतले काहीही कापायचे नाही. तबकडीच्या लेबलावर गाणाऱ्याचे नाव असते, ढोलकीवाल्याचे क्वचितच. कार्यक्रमाच्या कॅसेटीत मात्र निवेदक त्याचे नाव घेतो, बक्षीस देणारा त्याला हाक मारतो. ढोलकी, तुणतुणे आणि झील या तीन रकान्यांतली बहुतेक नावे आम्हाला याच ‘फालतू’ भागातून मिळत आहेत. कोकणातल्या गिरणी कामगारांच्या शक्ती-तुऱ्याच्या (कोकणातल्या कलगी-तुऱ्याच्या) कॅसेटी यासाठी उत्तम. तिथे समोरच्या शाहिराचे नाव, गुरूचे नाव, गाव, वाडी, सगळे सवाल-जबाबातच येते.

१० जुलै

मुंबईवरच्या दोन लावण्यांची नोंद आज शेजारी शेजारी लावली.

पहिली ‘मुंबई नगरी बडी बांका, जशी रावणाची दुसरी लंका’. रचनाकार पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५), गाव रेठरे हरणाक्ष. ब्राह्मण घर सोडून तमाशाच्या फडात उभा राहिलेला माणूस. तमाशातली नर्तकी पवळा हिच्याबरोबर त्याचा फड मुंबईत गाजला, आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले. दुसरी अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांची ‘मुंबईची लावणी’, गाव वाटेगाव. बापूरावांची लावणी शहराकडे थक्क होऊन बघते. अण्णाभाऊंची सुरू होते मलबार हिलपासून आणि लगेच परळात येते, जिथे राबणारे राहतात. रेठरे हरणाक्ष आणि वाटेगाव, दोन्ही गावे वाळवे तालुक्यातली. एकाच तालुक्यातून आलेल्या दोघांनी एकाच साच्यात हे शहर मांडले, आणि दुसऱ्याने पहिल्याला जणू जबाब दिला. लोकगीत कसे जन्मते याचे इतके उघडे उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल: साचा जुना, रचणारा ठाऊक, कारण समोर दिसणारे.

अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीच्या नोंदीत गोंधळ होतो, तो इथेच मिटवून ठेवतो. रचना अण्णाभाऊंची. १९४४ मध्ये त्यांनी, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी मिळून लाल बावटा कलापथक उभे केले, आणि अमर शेखांच्या पहाडी आवाजाशी या पथकाची ओळख इतकी जोडली गेली की पुष्कळ कॅसेटींवर रचनाकार म्हणूनही त्यांचेच नाव पडते. दोघेही १९६९ मध्ये, दीड महिन्याच्या आत गेले. गाणे आरंभी विरहाचे वाटते, पुढे मैना म्हणजे बेळगाव-कारवार-निपाणीसह दुरावलेला मुलूख होतो. ज्या प्रती अर्ध्यात कापलेल्या आहेत त्या ‘शृंगारिक’ म्हणून वर्गीकृत झालेल्या सापडतात. पुन्हा तेच, शेवट गेला की गाण्याचा अर्थही जातो.

असाच गोंधळ ‘जय जय महाराष्ट्र माझा’चा. आवाज शाहीर साबळ्यांचा, शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. तीन रकाने, तीन नावे.

१९ जुलै

कोळीगीते. इथे दोन प्रवाह वेगळे ठेवावे लागतात. ‘मी डोलकर डोलकर दर्याचा राजा’ हे आज कोळीवाड्यांच्या हळदीत परंपरेचे म्हणून नाचतात. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. लोकांनी ते आपलेसे केले हा त्या गाण्याचा मानच आहे, पण रकाना रिकामा ठेवायचे ते कारण नाही.

दुसरा प्रवाह धवळ्यांचा. आगरी-कोळी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवलारीण धवळे म्हणते. वाद्य नाही, माईक नाही, पण तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. हे कुणाच्याच लेबलावर नाही, म्हणून प्रत्यक्ष जाऊन मुद्रण. पद्धत ठरली ती अशी: आधी परवानगी आणि मानधन, मग यंत्र. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण झील धरणाऱ्या बायका दुसऱ्या ओळीला एकदम जोर लावतात. एकटी असेल तर माईक दोन फुटांवर, घोळका असेल तर पाच फुटांवर. पंखा आणि फ्रिज बंद. गाण्याच्या मध्ये थांबवून शब्द विचारायचे नाहीत, ओघ तुटला की पुढची ओळ आठवत नाही. सगळे झाल्यावर पुन्हा ऐकवून विचारायचे.

प्रश्न तीनच: कुणाकडून शिकलात, कोणत्या विधीला म्हणतात, कुणाला शिकवलेत. धवळ्यात छाप नसते. तिथे रचनाकाराच्या जागी शिकवणारीचे नाव आणि गाव येते. आजी, आत्या, सासू, काकी असे नाते येते तेव्हा नात्यावर थांबायचे नाही, त्या बाईचे स्वतःचे नाव विचारायचे.

३० जुलै

‘गाण्याची जागा’ हा रकाना उगाच नाही, याचा दाखला. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) बैठकीच्या लावणीतल्या: बसून, एका ओळीवर अदा फिरवत फिरवत गाणे. गिरगावात वाढलेल्या सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) पार्श्वगायनातून लावणीत आल्या. ठसका स्टुडिओच्या माईकला बेतलेला, कडवी मोजकी, वाद्यमेळ मोठा. विठाबाई नारायणगावकर फडाच्या: खुल्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असे. तिघींना ‘लावणी’ एवढ्या एका खणात टाकले तर पुढच्या अभ्यासकाला आवाजातला फरक स्वभावाचा वाटेल, जागेचा नाही.

लालबागचे हनुमान थिएटर उभे होते तेव्हा गिरणीच्या पाळ्या सुटल्या की तमाशाला पब्लिक मिळायचे. जानेवारी १९८२ च्या संपानंतर पगार थांबले, आणि तिकीट काढणारेच उरले नाहीत. फडांचे मुंबईतले मुक्काम आटले. त्या सुमाराच्या कॅसेटींवर तारीख नसली तरी टाळ्यांवरून, घोषणांतल्या बक्षिसांच्या रकमांवरून अंदाज येतो. रकमा म्हणूनच लिहून ठेवायच्या.

६ ऑगस्ट

नवा रकाना: रचनाकाराच्या मृत्यूचे साल. आपल्याकडे शब्द आणि संगीत यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षे. दोन्ही पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजायचे. बापूरावांचे शब्द मोकळे झाले आहेत. अण्णाभाऊंचे २०२९ संपेपर्यंत नाहीत. भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्यांच्या गाण्यांवर वारसांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. अशा गाण्यापुढे ‘पारंपरिक’ लिहिणे म्हणजे त्या घरचे पैसे परस्पर सोडून देणे.

वामनदादांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव बहुधा असतेच. ते देशवंडीचे, म्हणजे परशरामाच्याच सिन्नर तालुक्यातले. लावणीतली छाप भीमगीतात तशीच चालत आली. तरीही आलेल्या भीमगीतांच्या कॅसेटींपैकी बऱ्याचशांच्या कार्डावर फक्त गायक आणि संगीतकार छापलेले आहेत. पुढच्या आठवड्यात हा सगळा गठ्ठा शेवटच्या कडव्यापासून उलटा ऐकायला घ्यायचा. आधी नाव, मग बाकीचे गाणे. अ‍ॅझिमथचा स्क्रू-ड्रायव्हर नवा आणावा, जुन्याचे टोक झिजले आहे.